ज्याने सुएझ खोदला, त्याचा पनामा का फसला?



आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहा. मागचे-पुढचे चार जण धरले तर त्यातले दोघे तरी आयटीत, एखादा सिव्हिल नाहीतर मेकॅनिकलवाला, आणि गप्पा फिरून फिरून त्याच विषयावर येतात. कुणाचा प्रोजेक्ट सहा महिने लांबला, कुणाचा बजेटच्या दुप्पट गेला, कुणाचा तर दोन वर्षे राबून शेवटी गुंडाळला! प्रोजेक्ट का फसतात यावर आपल्या क्षेत्रात ढीगभर पुस्तके आहेत, ट्रेनिंग आहेत, सर्टिफिकेट्स आहेत. त्यातली कारणे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी परीक्षेपुरती पाठही केली असतील. अंदाज चुकले, काम नीट समजून घेतले नाही, धोके आधी ओळखले नाहीत, वाईट बातमी वरपर्यंत पोचली नाही, वगैरे वगैरे.

ही सगळी कारणे एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र आली. गंमत म्हणजे हा माणूस नवशिका नव्हता. त्याने आधी जगातला एक सर्वांत अवघड प्रोजेक्ट यशस्वी करून दाखवला होता. त्याचे नाव फर्डिनांड द लेसेप्स. शाळेच्या पुस्तकात सुएझ कालव्याच्या धड्यात एखाद्या ओळीत हा आपल्याला भेटलेला असतो. पनामाच्या धड्यात मात्र तो सहसा नसतो. म्हणून आज ही दोन्ही अर्धी जोडून सांगतो.

वकिलातीतला माणूस

लेसेप्सचा जन्म १९ नोव्हेंबर १८०५ रोजी फ्रान्समध्ये व्हर्साय येथे झाला. घराणे परराष्ट्र खात्यात मुरलेले, त्यामुळे हाही त्याच वाटेने गेला. तो इंजिनिअर नव्हता, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवा. माणसे जोडणे, बोलणी करणे आणि समोरच्याला आपल्या बाजूला वळवणे ही त्याची खरी विद्या.

१८३२ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया येथे उपवाणिज्यदूत म्हणून त्याची नेमणूक झाली. बोटीवर कॉलऱ्याचा संशय आल्याने उतारूंना किनाऱ्यावर क्वारंटाइनमध्ये अडकवून ठेवले. वेळ जाता जात नव्हता, तेव्हा त्याला एक जुना अहवाल वाचायला मिळाला. नेपोलियनबरोबर इजिप्तला आलेल्या लपेर नावाच्या इंजिनिअरने भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र जोडण्याविषयी तो लिहिला होता. त्यात तांबड्या समुद्राची पातळी सुमारे १० मीटर उंच असल्याचे म्हटले होते. पुढच्या पाहणीत ते मोजमाप चुकीचे निघाले, पण कालव्याची कल्पना लेसेप्सच्या डोक्यात घर करून बसली.

त्याच काळात इजिप्तचा सत्ताधीश महंमद अली याचा मुलगा सईद याच्याशी त्याची दोस्ती झाली. पोरगा लठ्ठ, आणि बापाने खाण्यावर कडक निर्बंध घातलेले. तो लेसेप्सच्या घरी येऊन गुपचूप मॅकरोनीवर ताव मारत असे, असे सांगतात. हा मॅकरोनीचा खर्च पुढे चांगलाच वसूल झाला!

१८४९ मध्ये रोमच्या एका राजकीय कामगिरीत सरकारने धोरण बदलले आणि खापर लेसेप्सच्या डोक्यावर फुटले. नोकरी सुटली. १८५३ मध्ये बायको आणि एक मुलगा दोघेही आजाराने गेले. पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ खेड्यातल्या घरी शेती बघत बसला होता. १८५४ मध्ये बातमी आली की सईद इजिप्तच्या गादीवर बसला आहे. लेसेप्स तडक इजिप्तला पोचला आणि ३० नोव्हेंबर १८५४ रोजी कालवा खोदण्याचा परवाना त्याच्या हातात पडला.

सुएझ: सगळे नाही म्हणत असताना

परवाना मिळाला, पण पुढची पंधरा वर्षे सोपी नव्हती. ब्रिटनचा पंतप्रधान पामर्स्टन या योजनेच्या कट्टर विरोधात होता. रॉबर्ट स्टीफन्सनसारखा नामवंत रेल्वे इंजिनिअर योजनेला नावे ठेवत होता. मोठे सावकार भांडवलावर आपल्याच अटी घालू पाहत होते. लेसेप्सने त्यांना बाजूला सारून थेट सामान्य माणसांना शेअर्स विकले. १८५८ मध्ये ५०० फ्रँकचा एक असे ४ लाख शेअर्स काढले. त्यातले निम्म्याहून जास्त फ्रान्समधल्या लोकांनी घेतले, आणि उरलेल्यांचा मोठा बोजा सईदच्या गळ्यात पडला.

२५ एप्रिल १८५९ रोजी पहिली कुदळ पडली. सुरुवातीला काम वेठबिगारीवर चाले. हजारो इजिप्शियन शेतकऱ्यांना गावातून उचलून आणून वाळू उपसायला लावले जाई. हा अन्याय होता, आणि त्यावर बरीच टीकाही झाली. सईदनंतर आलेल्या इस्माईलने वेठबिगार बंद केली, तेव्हा काम बंद पडते की काय अशी वेळ आली. पण याच अडचणीतून बोरेल आणि लाव्हाले या कंत्राटदारांनी वाफेवर चालणारे प्रचंड ड्रेजर तयार करवून घेतले. मातीचा मोठा भाग शेवटी यंत्रांनीच काढला. १८६५ मध्ये कॉलऱ्याची साथ आली, तीही निभावली. खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीच्या आसपास गेला. आणि १७ नोव्हेंबर १८६९ रोजी फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिच्या बोटीमागून जहाजांची रांग सुएझ कालव्यात शिरली.

आपल्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व सांगायला नकोच. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या बोटीला तोवर आफ्रिकेला वळसा घालावा लागे. ते अंतर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. पुढे विलायतेला शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या याच कालव्यातून गेल्या.

उद्घाटनानंतर आठवडाभरातच, वयाच्या ६४ व्या वर्षी, लेसेप्सने दुसरे लग्न केले. मुलगी विशीतली, मॉरिशसमधल्या फ्रेंच घराण्यातली. या लग्नातून त्याला बारा मुले झाली! पहिली काही वर्षे कालव्याचे उत्पन्न बेताचे होते, पण नंतर शेअर्सचा भाव कित्येक पटींनी वाढला. १८७५ मध्ये कर्जबाजारी इस्माईलने आपले शेअर्स विकायला काढले, तेव्हा ज्या ब्रिटनने विरोध केला त्याच ब्रिटनने सुमारे ४० लाख पौंड मोजून ते विकत घेतले. फ्रान्समध्ये लेसेप्स देवाच्या खालोखाल झाला.

यशातून घेतलेला चुकीचा धडा

इथे जरा थांबू या, कारण पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ इथे आहे.

सुएझमधून लेसेप्सने काय शिकायला हवे होते? जमीन सपाट होती, वाटेतला सर्वांत मोठा उंचवटाही पंधरा-वीस मीटरचाच होता. पाऊस जवळजवळ नाही, आडवी येणारी नदी नाही. राजा मित्र होता. आणि ऐन अडचणीच्या वेळी नवी यंत्रे हाताशी आली. थोडक्यात, कष्ट होतेच, पण परिस्थितीही अनुकूल होती.

त्याने मात्र वेगळाच धडा घेतला. तज्ज्ञ नाही म्हणाले होते आणि ते चुकले, म्हणजे तज्ज्ञ नाही म्हणतात तेव्हा त्यांच्याकडे लक्ष द्यायचे नसते. खर्च दुप्पट झाला तरी शेवटी सगळे फिटले, म्हणजे अंदाजपत्रकाची फार चिंता करायची नसते. अडचण आली तेव्हा कुणीतरी हुशार माणूस उपाय घेऊन आला, म्हणजे पुढेही येईलच. ज्या हट्टाने सुएझ झाला, तोच हट्ट आता त्याची पद्धत बनला. परिस्थिती बदलली तर पद्धत बदलावी लागते, हे त्याला सांगणारे आणि त्याने ज्याचे ऐकावे असे आता कुणी उरले नव्हते.

पॅरिस, मे १८७९

अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर जोडण्याची कल्पना जुनी होती. पनामा तेव्हा कोलंबिया देशाचा भाग होता आणि तिथल्या सरकारकडून एका फ्रेंच गटाने १८७८ मध्ये परवाना मिळवला होता. कुठून आणि कसा कालवा काढायचा हे ठरवायला मे १८७९ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष अर्थातच लेसेप्स, वय ७३.

परिषदेला १३६ प्रतिनिधी होते. आजच्या भाषेत सांगायचे तर ही रिक्वायरमेंटची मीटिंग होती, पण उत्तर अध्यक्षांच्या मनात आधीच ठरले होते. सुएझसारखाच, समुद्रसपाटीचा, एकही लॉक नसलेला सरळ कालवा. लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला पाण्याचा हौद. त्यात पाणी भरून जहाज वर चढवायचे, पाणी सोडून खाली उतरवायचे. एक प्रकारचा पाण्याचा जिनाच म्हणा ना. लेसेप्सला हा जिना नको होता.

त्या सभेत गोदँ द लेपिने नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर उभा राहिला. मेक्सिकोत रेल्वे बांधताना उष्ण प्रदेश आणि तिथले ताप त्याने स्वतः अनुभवले होते. त्याने सुचवले की डोंगर समुद्रापर्यंत कापत बसू नका. चाग्रेस नदीला धरण बांधा, सुमारे २४ मीटर उंचीवर मोठे तळे करा, दोन्ही बाजूंना लॉक बांधून जहाजे त्या तळ्यात चढवा आणि उतरवा. खोदकाम कितीतरी कमी होईल, आणि ज्या नदीची भीती वाटते तीच कामाला लागेल.

सभेने ऐकून घेतले आणि सोडून दिले. ऐकावे जनाचे, करावे मनाचे! २९ मे रोजी मतदान झाले. समुद्रसपाटीच्या कालव्याच्या बाजूने ७४, विरुद्ध ८, तटस्थ १६, आणि ३८ जण मतदानाला हजरच नव्हते. बाजूने मत देणाऱ्या ७४ जणांपैकी इंजिनिअर होते १९, आणि त्यातल्या एकानेच मध्य अमेरिकेत पाऊल ठेवले होते. निकाल बहुमताचा होता खरा, पण काम माहीत असलेली माणसे त्यात जवळजवळ नव्हतीच. जे गैरहजर राहिले त्यांच्यापैकी अनेकांना हा प्रकार पटलेला नव्हता, पण उभे राहून तसे सांगण्यापेक्षा घरी राहणे त्यांना सोपे वाटले. कुठल्याही ऑफिसात हे दृश्य आपल्याला अनोळखी नाही.

थोरला मुलगा चार्ल्स यालाही हे धाडस पसंत नव्हते. एकदा मिळालेले यश पुरे, असे त्याने वडिलांना समजावून पाहिले. वडील ऐकत नाहीत म्हटल्यावर मात्र तो मुकाट्याने त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि शेवटपर्यंत राहिला. त्याची किंमत त्याने पुढे मोजली.

आकडे कसे उतरले

ऑगस्ट १८७९ मध्ये कंपनीने लोकांकडे ४० कोटी फ्रँक मागितले, तेव्हा जेमतेम ३ कोटी जमले. खरे तर हा बाजाराने दिलेला पहिला इशारा होता. लेसेप्सने ठरवले की आपण स्वतः पनामाला जाऊन येऊ म्हणजे लोकांचा विश्वास बसेल.

३० डिसेंबर १८७९ रोजी तो पनामाला पोचला. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी कुदळ मारण्याचा समारंभ ठरला, पण बोट उशिरा निघाल्याने ठरलेल्या जागी उतरताच येईना. मग बोटीवरच शँपेनच्या खोक्यात वाळू भरली आणि त्याच्या सात वर्षांच्या मुलीने त्यात छोटी कुदळ मारली. झाला मुहूर्त!

तिथला जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे कोरडा हंगाम. आकाश निरभ्र, वारा सुखद, नदी शांत. लेसेप्सला तिथली हवा फारच आवडली. मे महिन्यात सावित्री किंवा वाशिष्ठी पाहिलेल्या पाहुण्याला जुलैतली तीच नदी दाखवली तर तो ओळखणार नाही. चाग्रेसचेही तसेच. पावसाळ्यात ती एका दिवसात कित्येक मीटर चढते, आणि आखलेला कालवा तिला पुन्हा पुन्हा छेदून जात होता.

आता आकड्यांची गंमत बघा. पॅरिसच्या परिषदेचा अंदाज होता सुमारे १०७ कोटी फ्रँक आणि १२ वर्षे. पनामात सोबतच्या तांत्रिक समितीने काम जास्त असल्याचे पाहूनही खर्च ८४ कोटींवर आणला आणि मुदत धरली ८ वर्षे. त्यानंतर बोटीवर बसल्या बसल्या लेसेप्सने स्वतःच्या हाताने तो ६६ कोटींच्या आत आणला. जमीन तीच, डोंगर तोच, नदी तीच, फक्त आकडा खाली आला. कारण अंदाज कामावरून निघत नव्हता, लोकांना किती सांगितले तर पचेल यावरून निघत होता. क्लायंटला आवडेल असा आकडा आधी ठरवून मग एक्सेल शीट जुळवणे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कळस आधी आणि पाया मागून!

डिसेंबर १८८० मध्ये पुन्हा शेअर्स विकायला काढले. या वेळी बँकांना दलाली आणि वर्तमानपत्रांना पैसे अशी व्यवस्था होती. ६ लाख शेअर्स हातोहात खपले. एक लाखाहून जास्त लोकांनी ते घेतले. बहुतेकांनी एक ते पाचच. दुकानदार, शिक्षक, विधवा बायका, निवृत्त नोकर. लेसेप्सच्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवणारी ही माणसे होती.

चिखल, दरडी आणि ताप

१८८१ मध्ये काम सुरू झाले. मुख्य कंत्राटदार १८८२ च्या अखेरीस बाजूला झाले. मग काम लहान लहान कंत्राटदारांत वाटले गेले. प्रत्येकाचा तुकडा वेगळा, यंत्रे वेगळी, आणि सगळ्यांचा मेळ घालणारे कुणी नाही.

खरा शत्रू होता कुलेब्राचा डोंगर. खिंडीची उंची सुमारे १०० मीटर, आणि ती समुद्राच्या पातळीखालपर्यंत कापायची. पावसात तिथली चिकणमाती घसरून खाली येई. महिनाभर खोदलेले एका रात्रीत भरून जाई. पावसाळ्यात कोकण रेल्वेने प्रवास केलेल्यांना दरड म्हणजे काय ते सांगायला नको. दरड थांबवायची तर उतार आणखी पसरट करावा लागे, म्हणजे आणखी माती काढावी लागे, आणि कागदावरचे काम वाढत जाई. सुरुवातीला साडेसात कोटी घनमीटर धरलेले खोदकाम काही वर्षांत बारा कोटींवर गेले.

आणि ताप! मलेरिया आणि पीतज्वर. हे डासांमुळे पसरतात हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. क्यूबातल्या कार्लोस फिनले याने पीतज्वराबाबत १८८१ मध्ये तसे मांडले होते, पण कुणी मनावर घेतले नाही. मलेरियाचा जंतू डासात सापडला तो १८९७ मध्ये, आपल्याकडे सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला. त्यामुळे फ्रेंचांनी बांधलेल्या चांगल्या इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत, आणि त्याच पाण्यात डास वाढत. या अज्ञानाबद्दल लेसेप्सला दोष देता येणार नाही. पण तिथे माणसे मरतात हे मात्र अज्ञात नव्हते. त्याच पट्ट्यात १८५५ मध्ये पुरी झालेली रेल्वे बांधताना हजारो मजूर मेले होते. कारण माहीत नव्हते तरी धोका माहीत होता, आणि तो योजनेत धरलाच नव्हता.

१८८३ मध्ये ज्यूल डिंगलर नावाचा इंजिनिअर प्रमुख म्हणून कुटुंबासह गेला. वर्षभरात मुलगी गेली, मग मुलगा, मग मुलीचा होणारा नवरा, आणि शेवटी बायको. तरी तो कामावर जात राहिला, आणि १८८५ मध्ये खचून परतला. हे मोठ्या साहेबाचे झाले. मजुरांतले बहुसंख्य जमैकासारख्या बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय कामगार होते. त्यांची मोजदादही नीट झाली नाही. फ्रेंच काळातल्या एकूण मृत्यूंचा अंदाज सुमारे २० ते २२ हजार असा केला जातो.

झाकली मूठ

पॅरिसमध्ये मात्र सगळे आलबेल होते. कंपनीचे स्वतःचे पत्रक निघत असे, त्यात प्रगतीच्या बातम्या. वर्तमानपत्रे पैसे घेऊन गोड लिहीत. आजच्या भाषेत, स्टेटस रिपोर्ट कायम हिरवा! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे ती कोट्यवधी फ्रँकची होती.

१८८५ मध्ये लेसेप्सने लॉटरी जोडलेले कर्जरोखे काढायची सरकारकडे परवानगी मागितली. सरकारने आर्मां रूसो या इंजिनिअरला पाहणीला पाठवले. १८८६ च्या त्याच्या अहवालाचा अर्थ सरळ होता: या पैशात आणि या मुदतीत समुद्रसपाटीचा कालवा होणार नाही, आराखडा बदला. इथे थांबून बदल केला असता तर बरेच काही वाचले असते. पण ८० वर्षांचा लेसेप्स त्याआधीच पुन्हा पनामाला जाऊन आला होता, मिरवणुका झाल्या होत्या, आणि हट्ट कायम राहिला. १८८७ च्या अखेरीस नाइलाजाने लॉक मान्य झाले, तेही तात्पुरते म्हणून. ते बांधायचे काम गुस्ताव्ह आयफेलला दिले. आठ वर्षांपूर्वी सभेत सुचवलेल्या गोष्टीकडे यायला तोवरचे बहुतेक सगळे पैसे खर्च झाले होते.

१८८८ मध्ये लॉटरीचे २० लाख रोखे काढले. त्यातले निम्मेही खपले नाहीत. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी न्यायालयाने कंपनी बुडीत काढली. सुमारे १४० कोटी फ्रँक संपले होते, आणि सुमारे ८ लाख लोकांची बचत त्यात गेली होती. म्हातारपणाची पुंजी, मुलीच्या लग्नाचे पैसे, सगळे.

शेवट

१८९२ मध्ये उघड झाले की लॉटरीची परवानगी मिळवण्यासाठी खासदारांना लाच दिली गेली होती. पैसे वाटणारा बँकर रायनाख एका सकाळी मृत सापडला, दुसरा मध्यस्थ इंग्लंडला पळाला. फ्रेंच राजकारण हादरले. फेब्रुवारी १८९३ मध्ये बापलेकांना पाच पाच वर्षांची शिक्षा झाली. काही महिन्यांनी वरच्या न्यायालयाने मुदतीच्या मुद्द्यावर ती रद्द केली.

लेसेप्स तोवर खुर्चीत शाल पांघरून बसणारा, भान हरपत चाललेला म्हातारा झाला होता. घरच्यांनी बातम्या त्याच्यापासून लांब ठेवल्या. त्याला तुरुंगात नेले नाही. तुरुंग भोगला तो चार्ल्सने, ज्याने हा उद्योग करू नका म्हणून सांगितले होते. पोलिसांच्या पहाऱ्यात एका दिवसापुरता तो वडिलांना भेटायला घरी आला. वडिलांना खरे काय ते तेव्हाही कुणी सांगितले नाही. आयुष्यभर ज्याला वाईट बातमी नको होती, त्याच्यापर्यंत शेवटची वाईट बातमीही पोचली नाही. ७ डिसेंबर १८९४ रोजी, ८९ व्या वर्षी, लेसेप्स वारला.

मग पनामा झाला कसा?

१९०४ मध्ये अमेरिकेने ४ कोटी डॉलर्सना फ्रेंचांची मालमत्ता घेतली. सुरुवातीला त्यांनीही तशाच चुका केल्या. १९०५ मध्ये जॉन स्टीव्हन्स मुख्य इंजिनिअर म्हणून आला आणि त्याने पहिले काम काय केले? खोदकाम थांबवले! आधी घरे, पिण्याचे पाणी, गटारे, आणि माती वाहून नेणारी नीट रेल्वे. डॉक्टर गोर्गस याने डासांविरुद्ध मोहीम काढली आणि १९०५ संपेपर्यंत पनामा शहरातला पीतज्वर आटोक्यात आला. १९०६ मध्ये तिथल्या तज्ज्ञ मंडळाचे बहुमत पुन्हा समुद्रसपाटीच्याच बाजूने होते. पण स्टीव्हन्सने पावसाळ्यातली चाग्रेस स्वतः पाहिली होती. त्याने लॉकची बाजू लावून धरली, आणि संसदेने ती मानली. १५ ऑगस्ट १९१४ रोजी पनामा कालवा सुरू झाला. चाग्रेसला धरण, सुमारे २६ मीटर उंचीवर तळे, दोन्हीकडे लॉक. जवळजवळ तेच, जे गोदँ द लेपिनेने ३५ वर्षांपूर्वी सांगितले होते.

आपण काय घ्यायचे?

लेसेप्स लबाड होता म्हणून पनामा फसला, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. तो उत्साही, धाडसी, स्वतःच्या खिशासाठी न झटणारा माणूस होता. म्हणूनच ही गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण चांगल्या माणसांचे प्रोजेक्टही असेच फसतात.

पहिली गोष्ट, मागचा प्रोजेक्ट यशस्वी झाला असेल तर तो कशामुळे झाला याची यादी करताना नशीब आणि परिस्थिती यांचेही खाते ठेवावे. नव्या कामात त्यातले काय काय नसणार, हे आधी लिहून काढावे. दुसरी, कामाची जागा तिच्या सर्वांत वाईट दिवशी पाहावी. सॉफ्टवेअर असेल तर डेमोच्या दिवशी नव्हे, महिनाअखेरच्या लोडला. तिसरी, एस्टिमेट कमी करायचे असेल तर कामही कमी करावे. काम तेवढेच आणि आकडा लहान, हा हिशोब कुठल्याही शीटमध्ये बसत नाही. चौथी, मीटिंगमध्ये नाही म्हणणाऱ्याला, विशेषतः ज्याने ते काम हाताने केले आहे त्याला, पाच मिनिटे जास्त द्यावीत. आणि जे गप्प बसले किंवा आलेच नाहीत त्यांना नंतर गाठून विचारावे. पाचवी, आराखडा बदलायची वेळ आधीच ठरवून ठेवावी. अमुक तारखेला अमुक झाले नाही तर थांबून पुन्हा विचार करायचा, हे पैसे हातात असताना ठरवता येते, संपल्यावर नाही.

आणि शेवटची, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपल्या टीममधला ज्युनिअर मुलगा किंवा मुलगी वाईट बातमी घेऊन आपल्याकडे आली की आपला चेहरा कसा होतो, यावर पुढची बातमी येणार की नाही ते ठरते. लेसेप्सकडे ती कुणी नेत नव्हते. तिची किंमत पनामातल्या मजुरांनी आणि फ्रान्समधल्या लहान लहान बचतदारांनी मोजली. आपल्या कामात माणसे मरत नसतील, पण कुणाच्या तरी नोकऱ्या, कुणाच्या तरी रात्री आणि कुणाचे तरी पैसे पणाला लागलेले असतातच.

पोर्ट सईदला कालव्याच्या तोंडाशी लेसेप्सचा भव्य पुतळा १८९९ मध्ये उभारला होता. १९५६ मध्ये नासरने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, आणि त्याच वर्षी तो पुतळा लोकांनी उडवून दिला. चौथरा मागे उरला. कालवा मात्र चालू आहे. पनामाचाही.